ही लेन्स किती लग्नांची?

"क्रॉप घेऊ की फुलफ्रेम? लवकर सांग, सेल रविवारी संपतोय!"

हा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच. पाठवणारा बदलतो, मेसेज तोच. कुणाचा बोनस झालेला असतो, कुणाचं अप्रेझल, कुणी लडाखचं तिकीट काढलेलं असतं. या पानावर मी गॅजेट्सबद्दल लिहिते म्हणून मंडळींना वाटतं, हिच्याकडे एका शब्दाचं उत्तर असणार. आणि या मे महिन्यापर्यंत ते होतंही. "फुलफ्रेम. डोळे मिटून घे." असं मी बिनधास्त सांगायचे. माझा स्वतःचाही तोच प्लॅन होता. अठरा हप्त्यांचा ईएमआय, लॅपटॉपवर फॉर्म भरून तयार, फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी.

ते बटण मी अजून दाबलेलं नाही. त्याला कारण वडवणी!

पण त्याआधी ज्यांना क्रॉप म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांच्यासाठी दोन मिनिटं.

आधी फंडा क्लिअर करू

फुलफ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलीमीटरचा सेन्सर. हे माप आलं फिल्मवरून. सिनेमाची ३५ एमएम फिल्म वापरून खिशात मावेल असा फोटोचा कॅमेरा करायची आयडिया ऑस्कर बार्नाक या जर्मन माणसाची. त्यातून १९२५ साली लायका बाजारात आला आणि ती फ्रेम जगभर रूढ झाली. पुढे डिजिटल आलं, तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं भयंकर महाग पडायचं. म्हणून कंपन्यांनी लहान सेन्सर घातले. लेन्स तीच, पण सेन्सर लहान असल्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात. हाच तो क्रॉप. निकॉन आणि सोनीत १.५ पट, कॅननमध्ये १.६ पट. म्हणजे ५० एमएमची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर लावली की फ्रेममध्ये साधारण तेवढंच मावतं, जेवढं फुलफ्रेमवर ७५ ते ८० एमएमच्या लेन्समध्ये मावेल.

फुलफ्रेमचं क्षेत्रफळ क्रॉपच्या साधारण अडीच पट असतं. त्यामुळे कमी उजेडात फोटोत दाणे कमी दिसतात आणि मागचं सगळं छान धूसर होतं. हे जे 'मागचं धूसर' आहे ना, त्यासाठीच आपण निम्मे लोक पैसे टाकायला तयार असतो. मीही होते.

वडवणीतलं लग्न

बीडहून परळीच्या रस्त्याला लागलं की वडवणी येतं. माझं आजोळ. मामेबहिणीचं लग्न होतं आणि फोटो मीच काढणार असं मी सहा महिने आधीच जाहीर करून टाकलं होतं. मामा हुशार. "काढ की भाचे, पण आपला स्टुडिओवाला पण सांगून ठेवलाय," एवढंच म्हणाले. मला जरा लागलंच ते.

पुण्यातून तीन दिवसांसाठी भाड्यानं किट उचललं. फुलफ्रेम मिररलेस बॉडी, २४-७० एफ २.८ आणि ८५ एमएम एफ १.४. ईएमआयच्या आधीची टेस्ट ड्राइव्हच म्हणा ना! फ्लॅश घेतला नाही. दुकानातल्या मुलानं विचारलं तेव्हा मी हसले. फ्लॅश आता कोण वापरतं? आयएसओ १२,८०० आहे की!

आमच्याकडे मे महिन्यात लग्नांची नुसती झुंबड असते. त्यामागे निव्वळ मुहूर्त नाहीत. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला घरंच्या घरं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती सीझनभर ऊस तोडून फेडायची. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात 'एक कोयता'. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की सगळे परततात आणि मग गाव पुन्हा भरतं. लग्नं त्यानंतरच. स्टुडिओवाल्यांची वर्षाची कमाईही याच दिवसांतली.

मामांचे ते स्टुडिओवाले काका पन्नाशीचे. गळ्यात दहा वर्षांपूर्वीचा क्रॉप डीएसएलआर, त्यावर टॅमरॉनची १७-५० एफ २.८, पट्टा पार झिजलेला. सोबत पुतण्या. त्याच्या हातात एक लांब काठी आणि काठीच्या टोकाला बांधलेला फ्लॅश. माझ्या किटकडे काकांनी एकदा नीट बघितलं आणि मान डोलावली. दुपारी चार वाजता ते मांडवात शिरले आणि स्टेजच्या वरच्या बाजूला एक पांढरी चादर बांधायला लागले. मला वाटलं, उन्हासाठी असेल. मी मनात म्हटलं, काका, फ्रेममध्ये किती वाईट दिसेल ते!

रात्रीचा उजेड

लग्न गोरज मुहूर्तावर. अक्षता पडेपर्यंत अंधारून आलं आणि माझी मजा सुरू झाली. मांडवाचं कापड लाल-पिवळं. वर टांगलेले एलईडी. उजेड कापडावर आपटून खाली यायचा, त्यामुळे नवरी, नवरा, भटजी सगळे एकाच रंगाचे. दिवे डोक्यावर असल्यानं डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. विधींच्या वेळी आवाज नको म्हणून मी सायलेंट शटर लावलेलं, तर एलईडीमुळे अख्ख्या फोटोवर आडवे पट्टे! आयएसओ वाढवून हे काहीच जात नाही. आयएसओ आहे तोच उजेड फुगवून दाखवतो. उजेडाची दिशा किंवा रंग बदलणं त्याच्या हातात नाही.

तिकडे काका फ्लॅशचं तोंड वर करून चादरीवर मारत होते. पांढऱ्या चादरीवरून पांढराच उजेड खाली उतरत होता, मऊ, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सारखा. पुतण्या काठी घेऊन बाजूला उभा. दोन फ्लॅश, एक चादर आणि दहा वर्षांचा कॅमेरा. बस.

पंगती उठल्यावर मामांच्या शेजारच्या मावशी जवळ आल्या. कारखान्यावरून परतून त्यांना महिनाच झालेला. सोबत बारा-तेरा वर्षांची लेक. आई-बाप तोडीला जातात तेव्हा ही सहा महिने आजीपाशी राहते, शाळा बुडू नये म्हणून.

"ताई, आमचा मायलेकीचा एक फोटू काढा की. मोबाईलमदला नको, कागदावरला पायजे. दसऱ्याला निघताना कोपीत लावायला न्यायचाय."

मी म्हटलं, मावशी, असा काढते की बघत राहाल! मावशी खुर्चीत, लेक मागे उभी, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकायच्या बेतात. ८५ एमएम, एफ १.४, दोन मीटरवरून. मागचे दिवे विरघळून नुसते सोनेरी गोळे झालेले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तो फोटो असा दिसला की मी स्वतःवरच खूश. मावशीही हसल्या. कॅमेरा केवढ्याचा म्हणून विचारलं. मी किंमत सांगितली, आणि असाच घेणार आहे, अठरा महिने थोडे थोडे फेडायचे, हेही सांगितलं.

"म्हंजी उचलच की वो!" मावशी म्हणाल्या.

मी हसण्यावारी नेलं.

रात्री काका सामान आवरत होते, तेव्हा त्यांनी ती ८५ हातात घेतली, आतून-बाहेरून बघितली आणि विचारलं, "ताई, ही लेन्स किती लग्नाची?"

"म्हणजे?"

"म्हंजी किती लग्नं केल्यावर हिचे पैसे फिटतेत? आमची ही टॅमरॉन चार लग्नात फिटली. फ्लॅश एकाच लग्नात. बॉडी मातर लई दिवस लागले, आन् फिटली तवर नवी निघाली होती बाजारात."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लग्नं करत नाही. मी वीकेंडला सिंहगड करते.

तीन बोटांची गोष्ट

पुण्यात येऊन मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडले. मावशींचा डावा डोळा, पापणी न् पापणी मोजावी इतका शार्प. आणि लेक? लेक धूसर. मागच्या दिव्यांसारखीच विरघळलेली.

हिशेब केला तर साधा आहे. ८५ एमएम, एफ १.४, फुलफ्रेम, दोन मीटर अंतर, म्हणजे फोकसमध्ये असते फक्त चार-साडेचार सेंटिमीटरची पट्टी. तीन बोटं! आणि लेक आईच्या वीतभर मागे उभी. तोच फोटो क्रॉप कॅमेऱ्यावर ५० एमएम लावून एफ ५.६ला काढला असता, तर फ्रेम जवळपास तेवढीच आली असती आणि फोकसची पट्टी मिळाली असती साधारण पस्तीस सेंटिमीटरची. मायलेकी दोघी आरामात मावल्या असत्या.

दोष फुलफ्रेमचा नाही बरं का. माझा आहे. त्याच ८५ला मी एफ ८वर आणू शकले असते. पण आणणार कशी? एफ १.४वरून ५.६वर यायचं म्हणजे उजेड सोळा पट कमी, ८वर तर बत्तीस पट. तेवढा उजेड मांडवात नव्हता आणि माझ्याकडे फ्लॅश नव्हता. सगळी साखळी इथे येऊन थांबते. दोन चेहरे शार्प हवेत तर अ‍ॅपर्चर लहान हवं, अ‍ॅपर्चर लहान हवं तर उजेड हवा, आणि उजेड विकत घ्यायचा सगळ्यांत स्वस्त रस्ता म्हणजे फ्लॅश. मी मात्र सगळे पैसे उलट्या टोकाला घालायला निघाले होते.

तर मग घ्यायचं काय?

माझा क्रम आता असा आहे. आधी उजेड, मग लेन्स, सगळ्यात शेवटी बॉडी.

फ्लॅश घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, डोकं वर आणि बाजूला फिरतं का? थेट तोंडावर मारलेला फ्लॅश म्हणजे आधार कार्डाचा फोटो. पांढऱ्या छतावर किंवा भिंतीवर मारा. पांढरं नसेल तर चादर बांधा, मला आता अजिबात लाज वाटणार नाही. दुसरी, ताकद. बॉक्सवर गाइड नंबर लिहिलेला असतो. त्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्यानं भागलं की आयएसओ १००ला उजेड किती मीटर पोचेल ते कळतं. गाइड नंबर ६० आणि एफ ५.६, तर साधारण साडेदहा मीटर. अर्थात हा आकडा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम करून, थेट मारून मोजलेला असतो. छतावरून उसळवला की बराच उजेड वाटेत जिरतो, म्हणून आयएसओ ४००-८०० ठेवा. तिसरी, टीटीएल की मॅन्युअल. टीटीएल फ्लॅश किती उजेड टाकायचा ते कॅमेऱ्याला विचारून ठरवतो. धावपळीच्या कार्यक्रमात बरा. मॅन्युअल स्वस्त, आणि त्यावर शिकायला जास्त मिळतं. आणि शटर स्पीड १/२००च्या आसपासच ठेवा. फार पुढे गेलात तर फोटोत काळी पट्टी येते, किंवा मग हायस्पीड सिंकवाला फ्लॅश लागतो.

सेल भरून ठेवा. रिचार्जेबल डबल ए, चारचे दोन सेट. कन्यादानाच्या वेळी सेल संपले तर कुणी थांबत नाही.

लेन्सचं सांगायचं तर, क्रॉप कॅमेऱ्यावर ३५ एमएम एफ १.८ ही घरातली लेन्स. चहाच्या टेबलापासून वाढदिवसापर्यंत सगळ्याला चालते. ५० एमएम एफ १.८ चेहऱ्यांसाठी. एकच लेन्स घेऊन सगळं करायचं असेल, तर काकांसारखी १७-५० एफ २.८ किंवा तिच्या जातीची. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ पुढे झूम केली की एफ ५.६वर जाते. एफ २.८ तिथे चौपट उजेड आत घेते. फुलफ्रेमवर हीच कामं ५०, ८५ आणि २४-७० करतात, फक्त वजन आणि बिल दोन्ही वाढतं.

आता खड्डे कुठे आहेत तेही ऐका. कॅननच्या डीएसएलआरमध्ये क्रॉपच्या ईएफ-एस लेन्स फुलफ्रेम बॉडीवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स बसतात, पण सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि चोवीस मेगापिक्सेलचे दहाच उरतात. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर हातानं फोकस कराव्या लागतात. कॅनन १५००डी आणि २००डी मार्क टूच्या फ्लॅश लावायच्या जागेत मधला संपर्कबिंदूच नाही, म्हणून साधे मॅन्युअल फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत. सोनीची फ्लॅशची जागा वेगळ्या रचनेची, त्यामुळे तिच्यासाठी बनवलेलंच मॉडेल मागा. आणि एखाद्या काकांच्या ट्रंकेतला फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश फुकट मिळाला, तरी डिजिटल कॅमेऱ्यावर लगेच चढवू नका. जुन्या काही फ्लॅशांचा ट्रिगर व्होल्टेज शेकड्यांत असतो, कॅमेरा जळू शकतो.

फुलफ्रेम कुणी घ्यावा? ज्याला फ्लॅश मारायची मुभाच नाही त्यानं. नाटकाचे, मैफलींचे फोटो काढणाऱ्यांना त्याला पर्याय नाही. भिंतीएवढे प्रिंट काढणाऱ्यानं, अरुंद खोल्यांचं इंटिरिअर टिपणाऱ्यानं. आणि ज्याचे पैसे ठरावीक लग्नांत फिटणार आहेत त्यानं, खुशाल. बाकीच्यांनी आधी तीन दिवस भाड्यानं आणावा. माझ्यासारखं नको, फ्लॅशसकट आणा.

दसऱ्याच्या आधी

शेवटी धीर करून मामांना फोन लावला. मावशींना सांगा, फोटो बिघडला माझ्याकडून. मामा म्हणाले, "अगं, त्यांना भेटला की फोटो!"

झालं असं की, काकांनी वऱ्हाडाचा ग्रुप घेतला होता. तीस-पस्तीस माणसं, तीन रांगा. दुसऱ्या रांगेत मायलेकी शेजारी शेजारी उभ्या. सगळी माणसं शार्प, पहिल्या रांगेतल्या पोरांपासून शेवटच्या रांगेतल्या फेट्यांपर्यंत. मावशी स्टुडिओत गेल्या तेव्हा काकांनी त्यातून दोघींनाच कापून काढलं आणि पाच बाय सातचा प्रिंट हातात दिला. म्हणजे क्रॉपच केला की नाही!

मामांनी त्या प्रिंटचा फोटो काढून मला पाठवला. मावशींच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात आलाय, लेक कॅमेऱ्याकडे न बघता नवरीकडे बघतेय. पण तिचे डोळे दिसतात. दोघींचेही दिसतात.

ईएमआयचा फॉर्म मी बंद केला. माझा जुना क्रॉप कॅमेरा सर्व्हिसिंग करून आणला, एक ५० एमएम आणि एक फ्लॅश घेतला. दोन्ही रोख. सेलचे दोन सेट आहेत. चादर आईच्या कपाटातून लंपास केली आहे. दसऱ्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी मी वडवणीला जाणार आहे, मावशी निघायच्या आत. दोन प्रिंट काढायच्या आहेत. एक कोपीत लावायला, एक लेकीच्या दप्तरात ठेवायला.

आणि हो, सेल रविवारी संपतोय म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी उत्तर पाठवलं. क्रॉप नाही, फुलफ्रेम नाही. एवढंच विचारलं, "आधी सांग, फोटो कुणाचा काढायचाय?"

तिचं उत्तर यायला दोन दिवस लागले. तोवर सेल संपला होता.